कंपनीचे सूतक

२६ जाने.
कुंभिवलीच्या कंपनीत सत्यनारायण. प्रसादाच्या शिऱ्यात केळे नव्हते. या एका पातकाने अख्खी पोथी निष्फळ ठरावी, असे माझे नम्र मत. यजमान खुद्द कंपनी. गुरुजी अडले, "गोत्र काय सांगू?" मी म्हटले, कायद्याने तीही व्यक्तीच. गोत्र ठाऊक नसेल त्याचे काश्यप. सगळे हसले. पळीने पाणी सोडले ते मिलिंदने. हात लागतोच कुणाचा तरी. (हा ताईचा मुलगा, तिथे मॅनेजर, म्हणून मला आमंत्रण.) पेपरला फोटो पाठवला.

३ फेब्रु.
कंपनीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार रमेश गुदमरून गेला. लोधिवलीचा. मास्क नव्हता. गुन्हा कंपनीवर. बातमीही तशीच दिली.

५ फेब्रु.
कर्जतहून लोधिवलीला गेलो. नाक्यावर फलक: 'आमच्या कुटुंबातील सदस्य हरपला. शोकाकुल' आणि खाली कंपनीचे नाव. रमेशची बायको, सुनंदा, म्हणाली, "दादा, कुटुंब म्हनतात, मग सूतक हाय का तिला? मशिनी तर दुसऱ्या दिशीच चालू."
सासू आतून, "तिला कसलं गं सूतक. तिला मरनच नाय."
इतके धर्मशास्त्र शिकलेला मी, फलकाचा फोटो काढून परतलो.

६ फेब्रु.
मिलिंद आला, ताईला घेऊन. चहा तसाच राहिला. "मामा, टाकी आजच मोकळी करा असं वरून आलं होतं. मी फक्त उतर म्हटलं." मग, "बातमीत कंपनीच राहू द्या ना. ती व्यक्ती आहे, तुम्हीच म्हणालात."
ताई माझ्याकडे बघत होती.

८ फेब्रु.
वकील मित्राचा फोन. "कंपनीला दंड होईल. पण कोठडीत काय डांबणार, तिची पाटी? आत जाईल तो हुकूम देणारा माणूस. त्याचं नाव सांगणारं कुणी पाहिजे."
"पोपटीला कधी येतोस?" मी विचारले. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा यंदा बऱ्या आहेत वगैरे.

१२ फेब्रु.
रमेशचा दहावा. नदीवरून परतताना सुनंदाने गाठले. "तुमी पेपरवालं. ह्यांना उतर कोनी म्हनलं, तेवडं सांगा."
"चौकशी चालू आहे."
ही भाषा इतकी सहज यावी.
मिलिंद आत गेला तर ताईला तोंड कसे दाखवू, हे आहेच. पण खरी धास्ती ती नाही. सुनंदा पुन्हा विचारणार, आणि मी पुन्हा कंपनीचेच नाव सांगेन, अशी भीती वाटते.