सोमवारी कोण येणार?

गुरुवार, धुळे. साक्रीकडून आत्ताच परतलो.

डोकं अजून तापलेलं आहे. तिथल्या एका डोंगरातल्या गावची चौथीपर्यंतची शाळा बंद होऊ घातली आहे. सोमवारी इथे शिक्षणाधिकारी साहेबांपुढे सुनावणी आहे, आणि पालक स्वतः आले तरच काही आशा. त्यांना उठवायला गेलो होतो. स्लाइड्स केल्या, नकाशा, पोरांना ओलांडावा लागेल तो नाला, सगळं. बोललोही जीव ओतून. पण स्लाइड बदलली की सगळे मोबाइल वर! फोटो काढायचा, मोबाइल खाली. माझ्या तोंडाकडे कोणी बघेल तर शपथ. एक आबा तर म्हणाले, "भाऊ, फोटो हालना, परत दखाडा ना." दाखवली. काय करणार?

शेवटच्या स्लाइडवर विचारलं, सोमवारी कोण कोण येणार? वाटलं, हात वर झाले. कसले हात! त्या प्रश्नाचाही फोटो.

मग प्रोजेक्टर बंद केला आणि पुन्हा विचारलं. पुढे बसलेल्या अक्का हसून म्हणाल्या, "तुम्ही इतलं भारी बोलतस भाऊ, मंग आमनं तठे काय काम?"

यावर टाळ्या पडल्या. टाळ्या! इतकं चांगलं बोलायचं तरी कशाला? सोमवारी साहेब विचारतील, पालक कुठे आहेत? तेव्हा काय, स्वतःकडे बोट दाखवू?