बाटली परत कशी पाठवू?

बेडोक, सिंगापूर

चि. धैर्यशील, ताईचे आशीर्वाद.

आमच्या शेजारच्या अनीशबरोबर तू पाठवलेलं पोचलं: भाजणी एक किलो, मेतकूट पाव किलो आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली, बाराशे रुपयांची.

परवा तुझा निरोप आला. तेलात गांजाचा अर्क निघाला, कंपनीकडे परवाना नव्हता, विक्री बंद झाली. बाटली परत पाठव, पैसे नाहीतर नवी बाटली मिळेल! अरे, इथे ती घरात सापडली तरी तुरुंग. टपालात कशी टाकू? श्रिया तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली, "आई, जेल लाह! फेकून दे!" रामनाम घेत सगळं तेल संडासात ओतलं.

सासूबाईंना सांगितलं नाही. त्या तेलाने तीन वर्षांनी त्या मांडी घालून जपाला बसल्या होत्या. आता मी साधं तिळाचं तेल चोळते आणि "तेच आहे" म्हणते. त्या कण्हतात आणि म्हणतात, "तुझाच हात हलका पडतोय."

तू बाटलीवरचं वाचलंसुद्धा नाहीस! अनीशला विमानतळावर धरलं असतं, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवलं असतं?

फोनवर गांजा हा शब्द काढायला भिते, आणि लिहिला तर पत्र टाकायला. महिनाअखेरीला तुझी लेक स्वानंदी इथे शिकायला येतेय. कंपनीची नवी बाटली तिच्या बॅगेत भरली नाहीस ना? उलटटपाली कळव.

तुझी,
शुभदाताई