बर्फाची पेटी महिपतभावोजींना

मी, श्रीमती सुगंधा चांगदेव भोईर, वय बावन्न, राहणार मोहने, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. राग आहे म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं, असं कोणी कोर्टात म्हणू नये.

१. राहतं घर आणि आंबिवलीची जमीन माझा मुलगा नयन याला. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. दर एकवीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं. माझ्यामागे त्याचं सगळं डोंबिवलीच्या उत्तराताई लिमये पाहतील. त्यांची लेक उर्वी दवाखान्यात रक्त घेत नयनच्या शेजारच्या खाटेवर लहानाची मोठी झाली. नात्यातल्या कोणाला हे काम देत नाही. ते हळदीला आठशे येतात, रक्त द्यायला दोघे.

२. कै. सासूबाई ठमाबाई यांची नथ उर्वीला. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. मामाची मुलगी घरातलीच म्हणून त्यांनी मला सून करून आणली. नयनचं निदान झालं तेव्हा चारचौघांत म्हणाल्या, हिच्या माहेरचं रक्तच नासकं. अहो आत्या, ते माहेर तुमचंही होतं. दोष तुमच्या मुलातही निघाला. तेव्हा मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

३. धाकटे दीर महिपतभावोजी यांना माझी बर्फाची पेटी. रक्तपेढीतून पिशव्या आणायला मी ती वीस वर्षं वाहिली. नातवंडं झाली की लागेल.

हे क्रूर वाटत असेल तर वाटू दे. त्यांचा मुलगा दिपेश थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे दोष रक्तात लपलेला. त्याला स्वतःला काही होणार नाही, पण बायकोही मायनर निघाली तर मूल नयनसारखं होऊ शकतं. आणि बायको कोण करतायत, तर माझ्या भावाची, शिवरामची जागृती. पुन्हा त्याच घरातली. दिपेशचा रिपोर्ट भावोजींनी कपाटात घातला आणि मला म्हणाले, "वैनी, टेस्टचा नाव काढू नको, लगीन मोडंल." शिवरामनेही मान डोलावली.

४. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हळद रविवारी आहे, तोवर मी मरेन असं वाटत नाही. म्हणून साक्षीदार म्हणून जागृतीलाच बोलावलं आहे. वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं तिला बजावलं आहे.

ठिकाण: मोहने. गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५.

सही: सुगंधा चांगदेव भोईर

साक्षीदार:
१) उत्तरा लिमये
२) जागृती शिवराम म्हात्रे. सगळं वाचलं. आत्या, उद्या सकाळी टेस्टला जाते. तू सोबत ये.