एडवणच्या चौकटीवरची खूण

पालघर
२१ जानेवारी २०२५

ती. अंकुशदादा,
जोहार.

मी चौकटीवरची खूण बोटाने मोजत होते. आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. बोटभर लांब. वरचं टोक घराकडे झुकलेलं. वर खिळ्याचं एक भोक, खाली एक. माझ्या मागे सातवीची बत्तीस मुलं दारात खोळंबली होती आणि वर्षाराणी बाई पुढे सरका म्हणत होत्या. मला सरकता येईना.

हे पत्र तू उघडशील की नाही, माहीत नाही. उघडलंस तर घरचं सगळं ठीक असेल असं धरते. दीपावहिनीच्या गुडघ्याचं नवसीमावशीकडून कळलं. माझं बरं चाललंय. बदली टळली. आज शाळेची सहल एडवणला नेली होती.

समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा जुना बंगला तुला माहीत आहे. तिथे आता संग्रहालय केलंय. आजा ज्याला ‘रोजनार डाक्तर’ म्हणायचा, ते रोझनर डॉक्टर तिथेच राहत, आजा त्यांच्याकडे कामाला होता. लहानपणी आपल्याला वाटायचं, आजा गोष्ट बनवून सांगतो. तो सगळं खरं सांगत होता. डॉक्टर व्हिएन्नाचे ज्यू. हिटलरच्या लोकांनी दवाखाना काढून घेतला तेव्हा बायको आणि मुलीला घेऊन बोटीने मुंबईला आले. तिथून इथे. लढाई सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांनाच शत्रूच्या देशाचे म्हणून नोंदवलं. दर महिन्याला पोलिसांकडे हजेरी. ज्यांच्यापासून पळाले, त्यांच्यातलेच धरले गेले. तरी ते तापाच्या रोग्यांना औषध देत राहिले. आपल्या पाड्यापर्यंत चालत यायचे, औषधांची पेटी आजाच्या डोक्यावर.

मधल्या खोलीत काचेखाली पाकिटं आहेत. डॉक्टरांनी व्हिएन्नात मागे राहिलेल्या आईला लिहिलेली. अकरा. सगळी न उघडता परत आली. आईला कुठे नेलं ते त्यांना लढाई संपल्यावर कळलं. शेवटच्या पाकिटावरचं अक्षर पहिल्याइतकंच नीट आहे.

मग ही बाहेरची चौकट. सहलीला खूण उन्हात दिसावी म्हणून ती शेवटी दाखवतात. शेजारी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘मेझुझा. ज्यूंच्या घराच्या दारावर लावायची, धर्मवचनं ठेवलेली डबी. मूळ वस्तू चोरीस गेली.’

माहिती सांगणारा प्रीतम म्हणून एडवणचाच आहे. तो मुलांना म्हणाला, “कोनीतरी नेली. आता काय मिलनार नाय.”

मी काही बोलले नाही. हे तुला सांगायलाच हवं. मुलांना वाडीत नेलं, डबे उघडायला लावले, मीही जेवले. मनात तुझं नवं घर होतं. घरकुलाचं काम संपलं, तुझे सासरचे सगळे जमले होते. तू जुन्या चौकटीवरची, आजाने देव म्हणून लावलेली डबी काढून नव्या चौकटीला लावत होतास आणि मी कॉलेजातून आलेली, चार पुस्तकं वाचलेली. सगळ्यांच्या देखत म्हणाले, हा आपला देव नाही, ही ज्यूंची डबी आहे, आजाने बंगल्यातून चोरली, नव्या घराला चोरीची वस्तू कशाला.

तू खिळा ठोकलास. त्यानंतर नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाहीस.

मला वाटायचं, मी खरं बोलले म्हणून तू रागावलास. आज त्या चौकटीवर बोट ठेवलं तेव्हा कळलं की मी खरं बोललेच नव्हते. आपल्या दारावरची डबी तिरकी आहे. आजा सुतार नव्हता म्हणून वाकडी बसली, असं मी समजत होते. तू एकदा ती सरळ करायला गेला होतास, आठवतं? आजाने तुझा हात धरला. “उठवू नको त्याला. तो तसाच निजतो हाय.” आज पाहिलं. तीच उजवी बाजू, तीच उंची, तोच कल. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने एक खूण डोळ्यांत धरून अठरा मैल चालत आणली आणि कुडाच्या घराला जशीच्या तशी लावली. चोर इतकं जपत नाही.

वर्षाराणी बाईंकडे मुलं सोपवली आणि परत गेले. संग्रहालय हेतलबेन बघतात. पालघरच्याच, साठीच्या, कडक. त्यांना म्हटलं, पाटीवरचा एक शब्द काढायचा आहे. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग चष्मा लावला. मी सगळं सांगितलं. डबी विचारून नेली होती का, हे त्यांनी लगेच विचारलं. नाही म्हटलं. विचारायला कोणी उरलं नव्हतं. अठ्ठेचाळीस साली डॉक्टर बोटीवर चढले, घराला कुलूप लागलं. आमच्यात घर हललं की देव आधी हलतो. हे लोक गेले आणि देव दारावरच राहिला. आजाला वाटलं, दुःखात विसरले. बंद घरात त्याला भात कोण दाखवणार? म्हणून घरी आणला.

“पण तो देव नव्हता ना,” हेतलबेन म्हणाल्या. “आत लिहिलेलं चामडं असतं फक्त.”

“मला माहीत आहे. आजाला नव्हतं. त्याने साठ वर्षं नवा भात आधी त्याला दाखवला, मग आम्ही खाल्ला. आता माझा भाऊ दाखवतो.”

त्या म्हणाल्या, तुमच्या म्हणण्याला पुरावा हवा.

मी म्हणाले, “सत्त्याहत्तर वर्षं ती रस्त्याकडच्या दारावर आहे. चोरीची वस्तू कोणी दारावर लावतं का?”

हे वाक्य माझं नव्हे, दादा. त्या दिवशी हातोडी हातात घेऊन तूच मला हे म्हणाला होतास. मी हसले होते. तुझे सासरेही मग हसले. आज ते मी बोलले आणि कोणी हसलं नाही.

हेतलबेननी प्रीतमला बोलावलं. त्याने पाटीवरची शेवटची ओळ ब्लेडने खरवडली. तिथे काय लिहायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, प्रीतमने कागदावर लिहून चिकटवलं. नीट पाटी महिन्याभरात होईल. सध्या असं आहे: ‘ही डबी डॉक्टरांचे सोबती बुधा यांनी आपल्या घरी नेली. त्यांच्या घराच्या दारावर ती आजही नांदते.’ सोबती की नोकर, यावर थोडी बोलाचाली झाली. मी हटले नाही.

वस्तू परत मिळेल का, असंही त्यांनी विचारलं. डॉक्टरांची मुलगी परदेशात आहे, तिला कळवतील. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते दार तुझं आहे. तू काय ठरवशील ते ठरव, मी मधे बोलणार नाही. एकदा बोलले तेवढं पुरे.

बसमध्ये मुलांना सांगितलं की पाटीवर आहे तो बुधा माझा आजा. हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पाडाही सांगत नव्हते, ‘बोईसरकडची’ म्हणायचे. आज नाव घेतलं. मोठ्याने घेतलं.

क्षमा माग असं तू कधी म्हणाला नाहीस. मागते.

बुधा आजाची नात, आणि तू म्हणशील तर तुझी बहीण,
जमुना

बुधवार, सकाळ. पत्र पेटीत टाकलं नाही, रजा टाकून मीच घेऊन आले. ओट्यावर बसून तू ते दोनदा वाचलंस आणि माझ्याकडे परत दिलंस. मग सुपरवायझरला फोन लावून हिंदीत सांगितलंस की आज ड्यूटीवर येत नाही, घरचं काम आहे. तू आत शर्ट बदलतोयस तोवर हे पत्राच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. पालघरची एसटी साडेआठला आहे, तिथून आपल्या दोघांना एडवणला दुसरी.