गोळ्या हेच आणतात

धनज,
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. निकितास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो आणि स्पीकर लावल्याशिवाय ते बोलू देत नाहीत. माझं पोट उन्हाळ्यापासून फुगलेलं आहे. दोन घासांत भरतं. निंदणाला गेले की सारखं लघवीला उठावं लागतं. शेजारची रामीबाई म्हणते की मनकर्णे, पाळी जाऊन पाच वर्सं झाली अन् आता तुह्यं पोट येऊन राह्यलं. बायका खिदळतात, मीही हसते.

तुझे बाबा मात्र गुणाचे. दर पंधरवड्याला गाडी काढून सरकारी दवाखान्यात जातात, माझी तक्रार सांगतात आणि पित्ताच्या गोळ्या आणतात. मला रांगेत उभं राहू देत नाहीत. बाकीच्या बायकांना त्यांचे नवरे पाणी विचारत नाहीत, म्हणून जळतात माझ्यावर. जळू दे. खरं सांगू, मलाही तिथल्या तपासणीच्या टेबलावर निजायचं नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

मालेगाव,
२ सप्टेंबर

ती. सौ. आईस निकिताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला. पोट तुझं आणि दवाखान्यात जातात बाबा! तिथे ते काय सांगतात, तू कधी ऐकलंस? परवा मला म्हणाले की तुह्या मायले ठेचा सुटत नाई, बाकी काई नाई. लघवीचं त्यांना ठाऊक तरी आहे का?

आमच्या आशाताईंनी बायकांच्या बैठकीत सांगितलं की पाळी गेल्यावर बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहिलं, थोडक्यात भरायला लागलं, तर त्याला गॅस म्हणून सोडायचं नाही. डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यायचं, सोनोग्राफी करायची. मीच येऊन तुला नेलं असतं, पण सासूबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. तू स्वतः जा. लाज दवाखान्याच्या दारात चपलांजवळ काढून ठेव.

रागावले म्हणून लोभ कमी समजू नये.

तुझी निकिता

धनज,
२४ नोव्हेंबर

चि. सौ. निकितास आशीर्वाद.

सोयाबीन निघाल्यावर दवाखान्यात गेले, बाबाही सोबत आले. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, उत्तर बाबांनी दिलं. भूक लागते का, बाबा बोलले. कुठे दुखतं, तेही बाबाच बोलले. शेवटी बाईंनी त्यांना बाहेर बसवलं, तर माझी वाचाच बसली. सवयच नाही. हळूहळू सगळं सांगितलं. पोट दाबून बघितल्यावर त्या म्हणाल्या की मी तुमच्या मालकांना दर वेळी सांगत होते, बायकोला घेऊन या.

वाटेत यांना विचारलं. म्हणाले की तुले लाज वाटते मनून नाई सांगतलं, अन् गोळ्यानं तुले बरं वाटून राह्यलं होतं ना. खरंच तर आहे. मला लाज वाटत होती.

वाशीमला सोनोग्राफी झाली, मग अकोल्याला नेलं. अंडाशयात गाठ आहे, कॅन्सरची. पोटात पाणी झालंय, आतड्यांवरही पसरलंय. औषधं सुरू केली आहेत, पण बरी होशील असं कोणी म्हणत नाही. तिथले डॉक्टर, लवकर आल्या असत्या तर, एवढंच बोलले.

तुझे बाबा पाय चेपतात आणि रडतात. माणूस वाईट असता तर शिव्या तरी दिल्या असत्या. रामीबाई अजून म्हणते की नवरा असावा तर असा. मला आता ते ऐकवत नाही.

काल ते जावईबापूंशी फोनवर बोलत होते. स्पीकर होता, म्हणून मीही ऐकलं. प्रज्वलराव सांगत होते की निकिताच्या अंगावरून पांढरं जाते, कंबर दुखते, पण तिले दवाखान्यात कायले रखडू देऊ, मीच गोळ्या आणून देतो. तुझ्या बाबांनी त्यांना शाबासकी दिली.

मला शहाणपण शिकवलंस आणि हे लिहिलं नाहीस. इतक्यात मला भेटायला येऊ नकोस. आधी दवाखान्यात जा, एकटी. टेबलावर नीज, तुझ्या तोंडाने सगळं सांग, आणि मग ये. तोवर मी कशीतरी थांबते.

लोभ आहे, म्हणूनच एवढं कडू लिहिलं.

तुझी आई