लॅटिनच्या सरावाची हिरवी खूण

अहो,

मी धाकटीच्या खोलीवर जातेय. तुम्हाला उठवलं नाही, कारण तुम्ही अडवलं असतं.

दोन महिन्यांपूर्वी ती भांडून गेली, तेव्हा लॅटिन शिकायच्या साइटवरचं तिचं खातं आपल्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं. ती फोन उचलत नाही. पण रोजचा शब्दांचा सराव केला की त्या तारखेवर हिरवी खूण उमटते. ती दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा.

परवापासून खूण नाही. तापाने फणफणली होती तेव्हाही तिने एक दिवस चुकवला नव्हता. शेवटी आत्ता तिच्या घरमालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, दोन दिवस पोर खाली उतरलेली नाही, दिवा मात्र भर दिवसाही चालू दिसतो. वर जाऊन बघते आणि कळवते म्हणाली. त्यानंतर तीही फोन उचलत नाही.

रक्तदाबाची गोळी विसरू नका. कॉम्प्युटर बंद करू नका, खूण उमटली तर तत्क्षणी मला फोन करा.

आणि कुठली खूण, असं मला विचारू नका. या घरात तिचं नाव काढायचं नाही असं बजावलंत खरं, पण तुमच्या चष्म्याचं घर रोज सकाळी मला कॉम्प्युटरपाशीच सापडतं. म्हणजे परवापासून तुम्हालाही ठाऊक होतं. एकमेकांपासून लपवण्यात आपण दोघांनी दोन दिवस घालवले हो.