बांधापलीकडच्या अळ्या

कोगनोळी, भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५८

ती. कुंथुनाथअण्णा यांस,

जयजिनेंद्र. आई-बाबांना नमस्कार. वहिनींचा खोकला थांबला का? मी पद्मावती मावशीकडे आले आहे. का, ते पुढे लिहिते. आधी तंबाखूचे सांगते.

यंदा आमच्या तंबाखूवर अळी पडली. पान उलटले की खाली लिबलिबीत, बोटाएवढ्या अळ्या. छातीशी तीन जोड्या टोकदार पाय आणि मागे पोटाला मांसाचे गुबगुबीत गोळे, त्यांनीच ती पानाला धरून बसते. ओढली की हिरवे ओकते. तो वास नखांत बसला आहे. भाकरी तोंडाशी नेली की आधी तोच येतो.

पर्युषण पर्वाचे दिवस होते. मामंजी म्हणाले, "मारायची न्हाय. घागरीत भरा आन् बांधापलीकडं सोडा." ऐकून मला बरेच वाटले. आम्ही घागरी भरभरून नेल्या.

बांधापलीकडे मनुबाईचा भुईमूग आहे. एकटी बाई, तेवढाच तुकडा. पर्व संपले आणि ती अंगणात आली. "आप्पा, माझ्या पाल्याच्या नुसत्या शिरा राहिल्यात वं!"

मामंजी म्हणाले, "ती येगळी अळी, बाई. तंबाखूची अळी भुईमुगाला शिवत न्हाय."

मी तिच्याबरोबर शेतात गेले. त्याच होत्या, अण्णा! मानेमागे काळे डाग, पाठीवर पिवळ्या रेघा, अंगावर केस नाहीत. रोज हाताने वेचलेली अळी मला ओळखू येणार नाही?

घरी येऊन यजमानांना सांगितले. ते खाली बघून म्हणाले, "मला ठाऊक हाय. आप्पांनी बी वळखलंय. तू गप बस."

अळ्यांच्या घागरीत मी पुन्हा हात घालीन, पण त्या दोघांची उष्टी ताटे उचलताना मला खरोखर उलटी झाली.

मग मनुबाईने आणि मी मिळून त्या अळ्या वेचल्या आणि भरदिवसा आमच्याच तंबाखूत परत सोडल्या. मामंजी म्हणाले, "माफी माग, न्हायतर घरात पाय ठेवू नगंस." मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले.

काल यजमान इथे आले होते. "आप्पांचे पाय धर, समदं मिटंल."

"आन् मनुबाईच्या भुईमुगाचं?"

"ते पीक तर गेलंच की आता," म्हणाले, आणि मावशीने दिलेला चहा फुंकून फुंकून प्याले.

अण्णा, मला न्यायला या. समजूत घालायला येणार असाल, तर येऊ नका.

तुमचीच,
ब्राह्मी